सव्वा किलोचा कॉम्प्युटर, नगरचं रोजचं काम

लॅपटॉप घ्यायला निघालेल्या माणसाला आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो, "घेतोच आहेस तर मोठा घे." साडेपंधरा इंची पडदा, उजव्या हाताला आकड्यांच्या कळा, दोन किलोच्या आसपास वजन आणि वर जाडजूड चार्जर. दुकानाच्या काउंटरवर हे यंत्र भारदस्त दिसतं, पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. काही महिन्यांनी ते घरातल्या टेबलावरून हलत नाही आणि ज्याला ते बरोबर न्यायचं होतं तो माणूस सगळी कामं मोबाइलवर रेटताना दिसतो. म्हणून प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारून पाहू. अकरा ते तेरा इंची पडद्याचा, सव्वा किलोच्या आगेमागे वजनाचा लॅपटॉप हाच माणसाचा एकमेव, रोजचा कॉम्प्युटर होऊ शकतो का? आणि होत असेल तर नेमका कोणता?

अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न हौसेचा नाही. क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, 17 हजार चौरस किलोमीटरहून जास्त पसारा, 14 तालुके. अकोले तालुक्यातल्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी कामाला यायचं तर शंभर-सव्वाशे किलोमीटर मोडतात. शिवाय इथली कितीतरी कामं फिरतीची आहेत. दोन-तीन गावांचा भार सांभाळणारे तलाठी आणि ग्रामसेवक, मुख्यालयापासून लांबच्या वाडीवर शाळा असलेले शिक्षक, पतसंस्थांचे वसुली अधिकारी, कारखान्याच्या शेतकी गट ऑफिसातली मंडळी, तालुक्याचे वार्ताहर. यातले बहुतेक दुचाकीवर नाहीतर एसटीत असतात आणि लॅपटॉप असतो पाठीवर. मोठ्या यंत्राची चार्जरसकट सॅक सव्वादोन किलोच्या घरात जाते, लहान यंत्राची दीड किलोत भागते. पाऊण किलोचा हा फरक दुकानात हातात घेऊन कळत नाही. तो घारगावच्या पुढे घाटात, उभ्याने प्रवास करताना कळतो.

लहान लॅपटॉपचा इतिहास आपल्या राज्याला अगदीच परका नाही. 2007 मध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला तो महाराष्ट्रात, कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या शाळेत. हे कर्जत रायगडचं; आपल्या कर्जतच्या वाचकांनी हुरळून जाऊ नये. एकशिक्षकी शाळा, वीस-बावीस मुलं, आणि प्रत्येकाच्या हातात हिरवं-पांढरं, साडेसात इंची पडद्याचं, दीड किलोच्या आतलं यंत्र. 433 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 एमबी रॅम आणि 1 जीबी साठवण, म्हणजे आजच्या कोणत्याही मोबाइलपुढे काहीच नाही. शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून त्याची दवंडी जगभर पिटली गेली होती. प्रत्यक्षात किंमत दोनशेच्या जवळ गेली. केंद्राच्या शिक्षण खात्याने तर 2006 मध्येच या योजनेला नकार दिला होता. पुढे योजना आपल्याकडे फारशी रुजली नाही. तरी त्या यंत्रात एक गोष्ट अशी होती जी आज वीस हजारांच्या लॅपटॉपातही मिळत नाही: त्याचा पडदा भर उन्हात वाचता यायचा. बांधावर, शाळेच्या पटांगणात, झाडाखाली काम करायचं असलेल्यांसाठी तो खरा विचार होता, आणि तोच बाजाराने सोडून दिला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात तैवानच्या आसूसने ई-पीसी 701 आणला. सात इंची पडदा, 920 ग्रॅम वजन, 4 जीबी साठवण, विंडोजऐवजी लिनक्स. तो इतका खपला की वर्षभरात सगळ्या कंपन्या 'नेटबुक' काढू लागल्या. आपल्याकडे एचसीएलने 2008 च्या सुरुवातीलाच मायलीप नावाने 14 हजारांच्या आत असं यंत्र बाजारात ठेवलं. लोकांना मात्र लिनक्स नको होतं, ओळखीचं विंडोज हवं होतं. मायक्रोसॉफ्टने मग निवृत्तीला आलेलं विंडोज एक्सपी या लहान यंत्रांसाठी 2010 पर्यंत चालू ठेवलं, पण अटी घालून. त्यातली एक अट अशी की रॅम 1 जीबीपेक्षा जास्त नसावी. मोठ्या लॅपटॉपचा धंदा बसू नये हा त्यामागचा हिशेब उघड होता. नंतर आलेल्या विंडोज 7 च्या 'स्टार्टर' आवृत्तीत तर पडद्यामागचं चित्रसुद्धा बदलता यायचं नाही. नेटबुक मंद होतं म्हणून मेलं असं लोक म्हणतात. ते मंद राहावं अशी व्यवस्थाच केली होती, हे कोणी सांगत नाही. 2010 मध्ये आयपॅड आला, पाठोपाठ मोठ्या पडद्याचे मोबाइल आले आणि 2013 उजाडेपर्यंत आसूस आणि एसर यांनीही नेटबुक बनवणं थांबवलं.

पण कल्पना मेली नाही. 2016 मध्ये मुंबईच्या आयबॉलने 9,999 रुपयांत अकरा इंची 'कॉम्पबुक' आणला. विंडोज 10 होतं, वजन किलोच्या आसपास होतं, आणि रॅम होती 2 जीबी, साठवण 32 जीबी. त्या काळात या वर्गातल्या सगळ्याच यंत्रांची कथा एकसारखी झाली. विंडोज स्वतः निम्म्याहून जास्त जागा खातं, मोठं अपडेट आलं की त्याला आणखी जागा हवी असते, ती नसते, आणि यंत्र 'जागा नाही' म्हणत अडून बसतं. साठवण मदरबोर्डावरच झाळलेली, बदलता येत नाही. रॅमचंही तेच. 2023 मध्ये जिओबुक आला: 990 ग्रॅम, 4 जीबी रॅम, 64 जीबी साठवण, आत सिमची सोय, किंमत 16,499. त्याने विंडोजचा नाद सोडून अँड्रॉइडच्या घराण्यातली स्वतःची प्रणाली घेतली, हे शहाणपणाचं झालं. मुलांचा अभ्यास, व्हिडिओ, टायपिंग, इंटरनेट यांना तो चालतो. पण नगरच्या कामकाजाच्या जगात तो कुठे अडतो ते पुढे येईलच.

आता दुसरं घराणं. जानेवारी 2008 मध्ये स्टीव्ह जॉब्सने ऑफिसातल्या साध्या पिवळट लिफाफ्यातून मॅकबुक एअर बाहेर काढून दाखवला. 1.36 किलो. तो स्वस्त नव्हता आणि व्हायचाही नव्हता. त्याच सुमाराला लेनोव्होची थिंकपॅड एक्स मालिका, डेलची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक अशी बारा-साडेबारा इंची यंत्रं मोठ्या कंपन्यांच्या साहेबलोकांसाठी निघत होती. जपानात तर हलकेपणाची चढाओढ अशी लागली की फुजित्सूने तेरा इंची लॅपटॉप साडेसहाशे ग्रॅमच्या आत आणून दाखवला. म्हणजे वजन सारखंच असलं तरी कुळं दोन आहेत. एका कुळातलं यंत्र पैसे वाचवायचे म्हणून लहान केलेलं असतं. दुसऱ्यातलं, जास्त पैसे मोजून हलकं केलेलं. पहिल्यात आधी काटछाट होते ती रॅममध्ये आणि कीबोर्डमध्ये. दुसऱ्यात या दोन गोष्टींना हात लावत नाहीत. लहान लॅपटॉपबद्दल आपल्याकडे जी नाराजी ऐकू येते ती जवळपास सगळी पहिल्या कुळाने कमावलेली आहे. आणि दुसरं कुळ आता चार-पाच वर्षं वापरून झाल्यावर पुण्या-मुंबईच्या कंपन्यांकडून जुन्या बाजारात उतरतं, तेही पहिल्या कुळाच्या भावात. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे. बाकीचा तपशील तो सिद्ध करण्यासाठी.

आधी कामं पाहू, कारण यंत्राची लायकी कामावरून ठरते.

शिक्षकाचं काम बहुतेक ब्राउझरमधलं. शालार्थमध्ये पगारबिलं, सरल आणि यू-डायस प्लसवर मुलांची माहिती, शिवाय प्रगतिपुस्तकं, पोषण आहाराचे तक्ते. यातलं काहीही मोठं यंत्र मागत नाही. दिवसा सर्व्हर धापा टाकत असतो म्हणून माहिती भरायची ती रात्री किंवा पहाटे, हे ज्याला माहीत आहे त्याला लॅपटॉप घरी-शाळेत दोन्हीकडे नेता येण्याची किंमत कळते. इथे बारा इंची यंत्र शंभर टक्के पुरतं, आणि खरं सांगायचं तर जिओबुकसारखं यंत्रही बरंचसं पुरतं.

तलाठ्याकडे गोष्ट बदलते. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून भाऊसाहेबच.) ई-फेरफार आल्यापासून नोंदीचं काम ऑनलाइन झालं, आणि 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. सरकारने त्यासाठी लॅपटॉप आणि प्रिंटर पुरवले. पण या कामात डिजिटल सहीचं टोकन लागतं, पेनड्राइव्हसारखं दिसणारं. ते चालायला त्याचा ड्रायव्हर विंडोजवर टाकावा लागतो. क्रोमबुकवर किंवा अँड्रॉइडच्या घराण्यातल्या लॅपटॉपवर ते टोकन लावून उपयोग नाही. शिवाय ते जुन्या, चौकोनी यूएसबी छिद्राचं. बऱ्याच नव्या चकचकीत पातळ लॅपटॉपना फक्त टाइप-सी छिद्रं असतात. म्हणजे एक जोडणी वेगळी बाळगा, आणि ती हरवली की काम बंद. पीक पाहणीचं मात्र ओझं उतरलं. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर गेली, शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून फोटो काढतो. बांधावरचं काम मोबाइलने घेतलं हे चांगलंच झालं. लॅपटॉपचे पडदे उन्हात आरशासारखे होतात, मोबाइलचे निदान वाचता येतात.

आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्यांचं तसंच. अंगठ्याचं यंत्र, वेबकॅम, स्कॅनर, प्रिंटर, सगळं एकाच वेळी जोडायचं. दुकानात बसून हे करणाऱ्याने लहान लॅपटॉपच्या फंदात पडूच नये. त्याला साधा डेस्कटॉप, यूपीएस आणि चार जास्तीची छिद्रं हवीत. गावोगावी शिबिरं करणाऱ्याला मात्र लहान यंत्र उपयोगी, पण विंडोजवालंच.

पतसंस्था, सोसायट्या, कर सल्लागार. सहकार हा या जिल्ह्याचा प्राण. 1950 मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हापासून इथे हिशेब ठेवणाऱ्यांची फौजच तयार झाली. त्यांचं दैवत टॅली. टॅली विंडोजवर चालतं, आणि मजा अशी की त्याला फार ताकद लागतच नाही. 8 जीबी रॅमचं जुनं यंत्र त्याला उड्या मारत चालवतं. अडचण दुसरीकडे आहे. टॅलीवर हात बसलेला माणूस आकडे पाहून टाइप करत नाही, त्याची तीन बोटं उजवीकडच्या आकड्यांच्या चौकटीवर आंधळी फिरतात. बारा इंची यंत्रावर ती चौकट नसते. वरच्या ओळीतल्या आकड्यांवर व्हाउचर टाकायला बसवलं तर अर्ध्या तासात तो मालकाला शिव्या घालेल. उपाय स्वस्त आहे: यूएसबीची सुटी आकड्यांची पट्टी पाचेकशे रुपयांत मिळते आणि खिशात मावते. पण हा उपाय विकताना कोणी सांगत नाही, म्हणून हिशेबवाले मोठा लॅपटॉप घेत राहतात.

हीच चौकट मराठी टायपिंगमध्येही आडवी येते, आणि ती का येते हे इंग्रजीत काम करणाऱ्यांना कळणारच नाही. छापखाने, झेरॉक्सची दुकानं, वकिलांचे टंकलेखक अजून श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉण्टांत काम करतात. कृतिदेवात काही अक्षरं कीबोर्डवर थेट नसतात. ऑल्ट दाबून धरायचं आणि आकड्यांच्या चौकटीवर चार अंकी संख्या मारायची, मग अक्षर उमटतं. वरच्या ओळीतले आकडे त्याला चालत नाहीत. म्हणजे सुटी पट्टी इथेही हवीच. युनिकोडवर आलेल्यांना हा त्रास नाही. इनस्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन, कोणतीही मांडणी घ्या, प्रत्येक अक्षर कळांवरच असतं. लहान यंत्र घेणाऱ्या मराठी टंकलेखकाला माझं सांगणं, निमित्त साधून युनिकोडवर या. पत्रिका आणि फ्लेक्स छापणाऱ्यांचा नाइलाज समजू शकतो, अर्ज आणि ठराव टाइप करणाऱ्यांचा नाही.

कळांच्या आकाराबद्दल एक गोष्ट मोजून घ्यावी. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर दोन शेजारच्या कळांच्या मध्यापासून मध्यापर्यंत 19 मिलिमीटर अंतर असतं. सात इंची ई-पीसीवर ते इतकं आवळलेलं होतं की मोठ्या हाताच्या माणसाची दोन बोटं एका कळेवर पडायची. बारा-साडेबारा इंचांवर मात्र हे अंतर जवळजवळ पूर्ण मिळतं, कारण तेवढी रुंदी यंत्राला असते. मधल्या दहा-अकरा इंचांत थोडी तडजोड होते. सरकारी टायपिंगच्या 30 किंवा 40 शब्दांच्या परीक्षेची तयारी करणाऱ्याने अकरा इंचांखाली जाऊ नये. सवय एका मापाची आणि परीक्षा दुसऱ्या मापावर, असं व्हायला नको.

वार्ताहरांचा विषय माझ्या जवळचा. 1983 मध्ये अमेरिकेत रेडिओ शॅकने टीआरएस-80 मॉडेल 100 नावाचं यंत्र काढलं होतं. 1.4 किलो वजन, पडद्यावर फक्त आठ ओळी, आणि चालायचं ते टॉर्चमध्ये घालतो तशा चार पेन्सिल सेलवर, तेही वीसेक तास. तिकडचे बातमीदार ते कित्येक वर्षं सोडायला तयार नव्हते, कारण त्यात लिहिणं आणि फोनवरून बातमी पाठवणं एवढंच होतं आणि ते उत्तम होतं. आपल्या तालुक्याच्या बातमीदाराने ती पायरीच ओलांडली. तो कागदावरून थेट व्हॉट्सॲपवर आला. बोलून टाइप करतो, फोटो जोडतो, पाठवतो. तीनशे शब्दांची बातमी अशी जाते. पण ग्रामसभेचा वाद, कारखान्याचा ताळेबंद, माहिती अधिकारातून आलेली पन्नास पानं समोर ठेवून मोठा मजकूर लिहायचा झाला की मोबाइलची मर्यादा दिसते: वाक्यं तुटक होतात, मागचं पुढे हलवता येत नाही. मी स्वतः साडेबारा इंची जुन्या यंत्रावर लिहितो, ते एवढ्यासाठीच. नेवाशाच्या बसमध्ये मांडीवर ठेवून लिहिता येईल असं दुसरं काही नाही.

ज्यांना लहान यंत्र पुरणारच नाही त्यांचंही सांगून टाकू. लोणी, संगमनेर, कोपरगाव, विळद घाट इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत यंत्र किंवा स्थापत्य शाखेला असणाऱ्या मुलांना ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स चालवायचं असतं. त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि मोठा पडदा हवाच. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या लग्नाच्या फोटोग्राफरचंही तसंच. कॉम्प्युटर शाखेच्या मुलांची मात्र 16 जीबी रॅमच्या तेरा इंची यंत्रावर चार वर्षं आरामात निघतात, आणि ती मुलं दर पंधरवड्याला गावी येतात हे लक्षात घेतलं तर तेच शहाणपणाचं.

डोळ्यांचं काय? हा आक्षेप खरा आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने दिवसभर साडेबारा इंची पडद्यात डोकं घालून बसू नये. पण लहान लॅपटॉप रोजचा कॉम्प्युटर करायचा म्हणजे लहान पडद्यावरच जगायचं, असा अर्थ नाही. घरी किंवा ऑफिसात बावीस इंची मॉनिटर, साधा कीबोर्ड आणि माउस ठेवावा. एक वायर जोडली की डेस्कटॉप झाला, काढली की यंत्र सॅकमध्ये. नवा मॉनिटर सहा-सात हजारांत येतो, आणि लॅपटॉप बदलला तरी तो दहा वर्षं टिकतो. मोठ्या लॅपटॉपचा साडेपंधरा इंची पडदा हा या दोन्हींच्या मधला आहे: टेबलासाठी लहान, प्रवासासाठी मोठा.

वीज आणि ऊन यांचा विचार पुण्या-मुंबईचे तज्ज्ञ करत नाहीत, आपल्याला करावा लागतो. लहान यंत्राची बॅटरी साधारण 40 ते 50 वॉट-तासांची असते आणि टायपिंग, ब्राउझिंगसारख्या कामाला ते 6 ते 8 वॉट ओढतं. म्हणजे बॅटरी चांगली असेल तर सहा-सात तास निघतात. डेस्कटॉप मॉनिटरसकट शंभर वॉटच्या आसपास मागतो आणि त्याचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटांत कोकलायला लागतो. शेतातल्या लाइनचे तास ठरलेले, गावठाणातली सिंगल फेज वादळवाऱ्यात कधी जाईल सांगता येत नाही. अशा ठिकाणी लॅपटॉप हा स्वतःच स्वतःचा इन्व्हर्टर असतो. टाइप-सीवर चार्ज होणारं यंत्र असेल तर आणखी सोय. मोठ्या पॉवर बँकेवर किंवा गाडीच्या चार्जरवरही ते भरता येतं. राळेगणसिद्धीत सौर कृषी वाहिनीचा प्रकल्प सुरू झाला, तशी दिवसा वीज सगळीकडे येईपर्यंत तरी बॅटरीवर भिस्त आहे.

उन्हाचं गणित जरा कडक आहे. बहुतेक लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. ॲपल तर तसं लिहूनच देतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली चाळीस ओलांडतात. पंखा नसलेली यंत्रं अशा वेळी तापून आपला वेग आपणच कमी करतात. टायपिंगला ते जाणवत नाही, लांबलचक व्हिडिओ कॉलला जाणवतं. उलट पंखा नसल्याचा एक फायदा कारखान्याच्या परिसरातल्या लोकांना चटकन पटेल. गाळपाच्या हंगामात चिमणीतून उडालेली काजळी अंगणात, गच्चीवर आणि पंखेवाल्या लॅपटॉपच्या पोटात जाऊन बसते. पंखेवालं यंत्र असेल तर हंगाम संपल्यावर एकदा उघडून साफ करून घ्यावं. आणि कोणतंही यंत्र उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये. बॅटरीला उष्णतेइतकं काहीच लवकर म्हातारं करत नाही. दिवसभर चार्जरला लावून ठेवणाऱ्यांनी 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय चालू करावी. बिझनेस वर्गातल्या यंत्रांत ती असते.

आता खरेदी. नवं की जुनं? नव्यात पंधरा ते वीस हजारांचं विंडोजवालं लहान यंत्र, 4 जीबी रॅम आणि 64 जीबी झाळलेली साठवण असलेलं, घेऊ नये. फुकट मिळालं तर गोष्ट वेगळी. विंडोज 11 ला मायक्रोसॉफ्टने किमान म्हणून जे सांगितलं आहे तेच नेमकं एवढं आहे. किमानवर रोजचं काम होत नाही. पन्नास-साठ हजार खर्चायची तयारी असेल तर तेरा-चौदा इंचांत 16 जीबी रॅमची चांगली नवी यंत्रं आहेत. मॅकबुक एअर हे यंत्र म्हणून अप्रतिम आहे. 2020 च्या एम-1 पासून त्याला पंखा नाही, दिवसभर बॅटरी टिकते. पण टॅली, श्रीलिपी आणि टोकनच्या ड्रायव्हरांच्या दुनियेत ज्याचं पोट आहे त्याने लाख रुपये घालून तिथे जाऊ नये.

मधला रस्ता जुन्या बिझनेस यंत्रांचा. डेल लॅटिट्यूड 7290, लेनोव्हो थिंकपॅड एक्स-280, एचपी एलिटबुक 830 जी-5, ही सगळी 2018 च्या आसपासची, 1.15 ते 1.35 किलोची. पंधरा ते वीस हजारांच्या पट्ट्यात ती मिळत आली आहेत. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढल्याने थोडी वरखाली धरा. घेताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका, आतल्या चिपचा आकडा पाहा. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज 11 अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढे चालतं. आय-5 नंतरच्या आकड्याची सुरुवात 8 ने असेल तर आठवी पिढी, 10 किंवा 11 ने असेल तर दहावी-अकरावी. 6 किंवा 7 असेल तर विक्रेता कितीही गोड बोलला तरी पुढे चला. यातही बारकावे आहेत: एक्स-280 ची रॅम झाळलेली आहे, आहे तेवढीच राहणार, तेव्हा 8 जीबीच्या खाली घेऊच नये. लॅटिट्यूडमध्ये रॅमची एक खाच आहे, एलिटबुकमध्ये दोन. लॅटिट्यूडला नेटवर्कच्या वायरीचं छिद्रही आहे, पतसंस्थेतल्या जुन्या जोडण्यांना ते लागतं.

जुनं यंत्र घेताना दुकानातच करायच्या दोन-तीन गोष्टी आहेत. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसते. निम्म्याच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून वजा करून घ्या. सुरू होताना बायोसचा पासवर्ड मागतो का, किंवा आधीच्या कंपनीचं नाव दाखवतो का ते पाहा. दाखवत असेल तर ते यंत्र कधीही कुलूपबंद होऊ शकतं. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर यंत्राचा सीरियल नंबर लिहून घ्या. चोरीचा माल ओळखण्याचा सामान्य माणसाकडे दुसरा मार्ग नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत लहान यंत्रांची बदनामी आहे, आणि ती अर्धी खरी. नव्या पातळ यंत्रांत कीबोर्ड बदलायचा तर वरचं अख्खं आवरण बदलावं लागतं. बिझनेस यंत्रांचे सुटे भाग मात्र वर्षानुवर्षं मिळतात, कारण तीच मॉडेलं लाखांनी विकली गेलेली असतात. मागचं झाकण काही स्क्रूंवर निघतं, एसएसडी आणि बॅटरी कोणताही बरा कारागीर बदलून देतो. नगर, संगमनेर, श्रीरामपूरला असे कारागीर आहेत; अकोले-जामखेडच्या आतल्या गावांतून यंत्र घेऊन यावं लागतं, पण ते यायला हलकं तरी आहे.

ज्यांच्याकडे सहाव्या-सातव्या पिढीचं जुनं लहान यंत्र आधीच आहे त्यांनी ते भंगारात टाकू नये. त्यावर लिनक्स मिंट किंवा क्रोम ओएस फ्लेक्स टाकलं की शाळेतल्या मुलांना, ग्रामवाचनालयाला, एमपीएससीच्या अभ्यासिकेला ते आणखी काही वर्षं चालेल. मराठी युनिकोड त्यावर विंडोजइतकंच चालतं.

एक विनंती वैयक्तिक खरेदीदारांपेक्षा संस्थांना. पंचायत समित्या, पतसंस्था, शिक्षण संस्था लॅपटॉपची घाऊक खरेदी करतात तेव्हा निविदेत पडदा आणि प्रोसेसर एवढंच लिहिलेलं असतं, आणि फिरतीच्या माणसाच्या गळ्यात दोन किलोचं, 4 जीबीचं यंत्र पडतं. पुढच्या निविदेत चार ओळी वाढवा: वजन दीड किलोच्या आत, रॅम किमान 8 जीबी आणि वाढवता येण्याजोगी, टाइप-सीवर चार्जिंग, आणि जुन्या यूएसबीची निदान दोन छिद्रं. किंमत फारशी वाढत नाही. हवं तर आकड्यांची पट्टी कर्मचारी स्वतःच्या पैशाने घेईल.